फ्रीजच्या खालच्या कप्प्यातली मीड

पुण्याच्या पेठांमधलं वाईन शॉप हे रेंगाळायचं ठिकाण नाही. रस्त्याकडे तोंड केलेलं काउंटर, त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीत हात जाईल एवढी खिडकी. दिवेलागणीनंतर गर्दी होते. गिऱ्हाईक ब्रँड सांगतं, 'क्वार्टर' की 'खंबा' तेही सांगतं, पैसे टेकवतं आणि कागदात गुंडाळलेली बाटली पिशवीत टाकून चालू पडतं. मीड शोधणाऱ्याची इथे पंचाईत होते. त्याला आधी पाहायचं असतं, आणि मागे रांग खोळंबलेली असते. 'मीड म्हणजे काय?' असं विचारणारे दुकानदार आजही भेटतात. ज्यांना ठाऊक असतं ते बियरच्या फ्रीजकडे बोट दाखवतात. तिथे बियरच्या टिनांमागे, खालच्या कप्प्यात, निराळ्या लेबलांच्या दोन-चार बाटल्या उभ्या असतात.

मीड म्हणजे मध आंबवून केलेलं मद्य. मधात पाणी जेमतेम अठरा-वीस टक्के असतं, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. पाणी घालून सैल केला की यीस्टला वाव मिळतो. तरीही काम संथच चालतं, कारण मधात साखर भरपूर असली तरी यीस्टला लागणारं नत्र फार थोडं असतं. पोलंडमध्ये मध-पाण्याच्या प्रमाणावरूनच मीडचे प्रकार ठरले आहेत. एक माप मधाला एक माप पाणी घातलं की 'द्वुयन्याक' होते, दोन मापं घातली की 'त्रुयन्याक'. पहिली जड आणि गोड असते, ती मुरायला वर्षं जातात.

महाराष्ट्रातली आधुनिक मीड त्या मानाने हलकी. पुण्यात रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांची मूनशाइन मीडरी, नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांची सेराना. मूनशाइनने सफरचंद, कॉफी, पेरू-मिरची असे स्वाद आणले. सेरानाने जांभूळ घेतलं, द्राक्षंही घेतली. नाशिकला ते शोभूनच दिसतं. सेराना या नावामागे 'एपिस सेराना' ही मधमाशी आहे. सह्याद्रीतला मधपाळ तिला सातेरी म्हणतो आणि पेटीत पाळतो. आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. तिचं मोहोळ कड्यावर नाहीतर उंच झाडावर लटकतं.

शोधणाऱ्याची नजर खरी मधाकडे लागायला हवी. कॉफी आणि मिरची जिभेला लगेच कळतात, त्यांचं नवल पहिल्या घोटातच संपतं. मधातला फरक ओळखायला वेळ लागतो. महाबळेश्वरच्या बाजूला उन्हाळ्यात जांभूळ आणि हिरडा फुलतो. जांभळाच्या मधाला किंचित कडवट चव असते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, आणि त्या हंगामाचा मध दाट, गडद उतरतो. याच डोंगरातलं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. कारवीच्या मधाची मीड झाली, तर ती पुन्हा करायला पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागेल. याहून दुर्मीळ बाटली कोणत्या दुकानात मिळणार?

फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर दव धरतं, लेबलाचे कोपरे ओले होतात. अंगठ्याने ते पुसून बाटली ट्यूबलाइटसमोर धरली की रंग दिसतो, तळाशी थोडा गाळही असू शकतो. तो यीस्टचा असू शकतो, त्याने बिचकू नये. पाहायचं ते मागचं लेबल: मध कोणत्या फुलांचा, कोणत्या भागातला, स्वाद फळाचा की वरून घातलेला. पुष्कळ बाटल्यांवर नुसतं 'मध' एवढंच असतं.

दुकानदार जागा मोजून माल ठेवतो. मीडच्या बाटल्या उठल्या नाहीत की त्या जागी बियरचा आणखी एक खोका येतो, आणि वेगळी चव सर्वांत आधी दिसेनाशी होते. तेव्हा रांग थोडी खोळंबली तरी चालेल, पण जाळीपलीकडच्या माणसाला मीडचं नाव सांगून ती मागावी, नसेल तर मागवायला सांगावं, आणि मध कुठला तेही विचारावं.