‘आणि’ लिहिताना

‘आणि’ हा शब्द मराठीत किती वेळा येतो, ते मला उजव्या करंगळीनं शिकवलं. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत ‘आ’ हवा तर शिफ्ट धरून इंग्रजी ‘ई’चं बटण, ‘ण’ हवा तर पुन्हा शिफ्ट धरून ‘सी’चं. दोन्ही बटणं डाव्या हाताकडची, म्हणून शिफ्ट धरायला उजवी करंगळी जाते. तीन ठोक्यांचा शब्द आणि त्यात दोनदा ताण. ‘ळ’चं उलटं. तो ‘ल’च्याच बटणावर, उजव्या तर्जनीखाली, म्हणून तिथे डावी करंगळी कामाला लागते. बाळ, वेळ, डोळे, काळजी... पुस्तकाची अडीचशे पानं टाइप करून झाली की दोन्ही करंगळ्या बाहेरच्या बाजूनं ठणकायच्या.

बावीस वर्षं मी डीटीपी करते. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, कोणती बोटं? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, असं सांगितल्यावर त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. तिथल्या अरुंद बोगद्यातून एक नस जाते आणि मनगट वर मुडपून ठेवलं की ती दाबली जाते. म्हणजे करंगळीचं दुखणं वेगळं, मुंग्यांचं वेगळं. इतके दिवस मी दोन्हींना मिळून ‘हात दुखतो’ म्हणत होते.

मेकॅनिकल कीबोर्ड घेतला तो यानंतर. साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराची टोपी असते. ती दबून तळाला टेकली तरच अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग. चेरी या जर्मन कंपनीचा लाल स्विच साधारण ४५ ग्रॅम भारानं दबतो. बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर २ मिलिमीटरवरच येतं. उरलेली अर्धी वाट बोटाला चालायची गरजच नसते.

माझं बोट मात्र ती वाट चालायचंच. माझं टायपिंग रेमिंग्टनच्या टाइपरायटरवरचं. कागद, कार्बन, पुन्हा कागद, पुन्हा कार्बन. शेवटच्या प्रतीवर अक्षर उठायचं तर ठोका दणदणीतच हवा. सरकारी परीक्षेच्या मिनिटाला ३० शब्दांसाठी तो ठोका हातात मुरवलेला. तोच मी या नाजूक स्प्रिंगांवर मारत होते. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं दुखली आणि वाटलं, पैसे पाण्यात गेले. मग सकाळची पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम सावकाश टाइप करायचं ठरवलं, बटण तळाला टेकल्याचा ‘टक्’ ऐकू येणार नाही इतकं हलकं. सवय लागायला दोन महिने गेले. निळे स्विच मी घेतले नाहीत. त्यांचा कटकट आवाज ऐकून हात आणखी जोरानं पडतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी चूक उंचीची. मेकॅनिकल कीबोर्ड मुळातच जाड. त्यात मी मागचे दोन पाय उभे केले होते, कारण ते असतात म्हणून. मनगट आणखी वर मुडपलं, रात्रीच्या मुंग्या वाढल्या. पाय मिटले, खुर्ची चार बोटं वर घेतली. मग तळवे जमिनीला टेकेनात, तेव्हा घरातला जुना पाट पायांखाली आला. आता कोपर बटणांच्या किंचित वर असतं आणि कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत हात सरळ राहतो. पुढे एक लाकडी पट्टी आहे, पण तिच्यावर तळहाताची टाच टेकायची ती थांबल्यावरच. आमच्या टायपिंग क्लासच्या बाई मनगटाखाली फूटपट्टी धरून उभ्या राहायच्या. मनगट खाली आलं की पट्टी लागायची. त्या गतीसाठी करत होत्या, पण माझ्या नसेचं भलं त्यातच होतं. शिवाय यंत्रावर ओळ संपली की दांडा ढकलायला हात उचलावाच लागे, पान संपलं की कागद बदलावा लागे. ती विश्रांती संगणकानं काढून घेतली. मी आता प्रत्येक परिच्छेदानंतर दोन्ही हात मांडीवर ठेवते.

दोन तुकड्यांचा कीबोर्ड गेल्या वर्षी आला. खांद्याइतक्या अंतरावर एकेक तुकडा ठेवला की मनगटं बाहेरच्या बाजूला वळत नाहीत. बटणांच्या रांगा सरळ उभ्या आहेत. नेहमीच्या कीबोर्डवर त्या तिरक्या असतात, कारण १८७४ साली विक्रीला आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाच्या दांडीला दुसऱ्या दांड्यांमधून वाट हवी होती. दांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला.

आणि इथे इनस्क्रिप्ट खुलतं. १९९१च्या भारतीय मानकातल्या या मांडणीत स्वर नि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म, न, व असे मोजके अपवाद. ‘केली’ लिहून बघा: क उजवा, मात्रा डावी, ल उजवा, वेलांटी डावी. एका उखळात दोघींनी आळीपाळीनं मुसळ घालावं तसे दोन तुकडे चालतात. एक हात पडतो तेव्हा दुसरा वर असतो.

शिफ्ट मी डाव्या अंगठ्याखाली आणलं आहे. एकदा दाबून सोडायचं, मग अक्षर, धरून ठेवायचं नाही. नवा कीबोर्ड घ्यायची ऐपत नसेल त्यांनी विंडोजमधलं स्टिकी कीज चालू करावं. शिफ्ट सोडून मग अक्षर दाबण्याची सोय तिथे फुकट आहे, आणि मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तेच सांगते.

‘आणि’ आता अंगठ्यानं होतं. ‘ळ’ आला की डावी करंगळी अजून जुन्या जागेकडे निघते. काल ‘सकाळी’ लिहिताना ती अर्ध्या वाटेवरून परत आली.