परीक्षक नसलेली स्पर्धा

माझं आजोळ मुळशीतलं. भातलावणी उरकली की देवळातले ढोल बाहेर निघत. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, म्हणून शेकोटी करून पानं तापवायची. पान नीट तापलं की आवाजाला धार येई. मामा बोटांनी टिचकी मारून बघत आणि मान हलवून पुन्हा आगीपाशी नेत.

त्या भागात गावागावांच्या ढोल-लेझीमच्या स्पर्धा लागत. परीक्षक खुर्च्या टाकून बसत. गडी रिंगण धरत, चाल बदलत, उकिडवे बसून वाजवत, एकमेकांच्या खांद्यावर चढत. एवढं सगळं होताना ठेका सुटायचा नाही. एखाद्याचं टिपरू चुकलं तर बघ्यांतल्या म्हाताऱ्यांना ते परीक्षकांच्या आधी कळे. बक्षिसाचे पैसे वाटून घेतले असते तर माणशी भेळसुद्धा आली नसती. पण पुढच्या वर्षापर्यंत बोलायला विषय पुरायचा.

पुण्यात हाच ढोल शाळेमार्गे गणपतीच्या मिरवणुकीत आला. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही त्यातली जुनी नावं. प्रबोधिनी 1962 साली आप्पा पेंडशांनी काढली; तिचं बरची-नृत्याचं पथक पुणेकर आवर्जून थांबून बघत. शिटीवर चालणारी पोरं, पांढरे सदरे, सरळ ओळी. लक्ष्मी रस्त्यावर गावाकडचं रिंगण मावणार कुठून! चौक आला की तेवढ्यापुरतं ते उलगडायचं. आमच्या शाळेत मुलींना लेझीम आणि मुलांना ढोल अशी वाटणी होती. त्याचा राग मला अजून आहे.

शाळा सुटलेल्या मुलांचा ढोल मात्र सुटेना. माजी विद्यार्थ्यांनी आपापली पथकं काढली, त्यांतून फुटून आणखी निघाली. आता श्रावणाच्या आधीपासून नदीकाठी पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. दिवसभर संगणकापुढे बसलेली मंडळी संध्याकाळी ढोल ताणायला येतात. चामड्याच्या जागी प्लॅस्टिकची पानं आली, त्यामुळे शेकोटीची गरज उरली नाही. पाऊस असो वा ऊन, आवाज तोच. त्या आवाजाला मामांनी मान डोलावली नसती, हे माझं मत.

भाची एका पथकात ताशा वाजवते, तीही पुढच्या फळीत. ताशाने इशारा दिल्याशिवाय ठेक्याचा हात बदलत नाही, म्हणजे मागची सगळी ढोलवाली मंडळी तिच्या काड्यांकडे डोळे लावून. मिरवणुकीआधी ती बोटांना चिकटपट्टी गुंडाळते. तरी कातडं सोलवटतंच, आणि त्या बोटांचे फोटो घरी येण्याआधी मोबाइलवर पोचलेले असतात. मला नाकारलेलं तिला मागावंही लागलं नाही. या बदलाला मी पैकीच्या पैकी गुण देते.

बाकीच्याला देववत नाहीत. स्पर्धा आजही आहे, आणि ती जीव खाऊन चालते. फक्त खुर्ची टाकून बसलेला परीक्षक तिथे नाही. मग जिंकायचं कशावर? आकड्यावर. त्यांचे शंभर ढोल, तर आमचे दीडशे. ध्वज वाढले, सुपाऱ्यांचे दर वाढले, मुंबईच्या आगमन सोहळ्यांची आमंत्रणं वाढली. हात मात्र तेच चार-पाच. दीडशे ढोलांत पंधरा जण चुकले तरी कुणाला कळत नाही, आणि विसर्जन मिरवणूक 30 तासांच्या आसपास जाते.

2024 च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना 30 जणांची मर्यादा घातली. 12 सप्टेंबरला, विसर्जन चार-पाच दिवसांवर असताना, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ढोल म्हणजे पुण्याचा जीव, असं तिथे म्हटलं गेलं. नदीकाठी जल्लोष झाला. भाचीने पेढे आणले, मी खाल्ले. पण लक्ष्मी रस्त्यावर राहणारी माझी मैत्रीण विसर्जनाच्या दिवशी कानात कापूस घालून, दारं-खिडक्या लावून बसते, तिच्याशी यावर कुणीच बोललेलं नाही.

पथकप्रमुखांना एवढंच सांगणं आहे : कोर्टाने सांगण्याची वाट पाहू नका. एक वर्ष 30 ढोल घेऊन उतरा आणि मुळशी-मावळातली चार म्हातारी माणसं बेलबाग चौकात खुर्च्यांवर बसवा. मग कळेल कोणाचं पथक भारी ते.