आधी अर्थ, मग अलंकार

वाई,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोचले. दिवाळीनंतरच्या सत्रापासून अकरावी-बारावीचे माहिती तंत्रज्ञानाचे वर्ग गणिताच्या जोडीने तुझ्याकडे आले आहेत, वेबरचनेचे रीतसर शिक्षण तुझे झालेले नाही, आणि हाती उरलेल्या थोड्या मुदतीत कोणते सॉफ्टवेअर शिकून घ्यावे, अशी पृच्छा तू केली आहेस; कारण काही वर्षांपूर्वी गणिताचा मास्तर असताना मीही याच वाटेने गेलो, हे तुला ठाऊक आहे. एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव सांगून हा विषय संपत असता, तर मी ते फोनवरच सांगून मोकळा झालो असतो. पण विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी आपण स्वतः शिकणे ही निराळ्या जातीची विद्यार्थिदशा आहे, आणि तिच्याविषयी मला जे मनापासून वाटते ते सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

प्रथम एक भेद मनाशी पक्का कर. जो उदरनिर्वाहासाठी ही विद्या शिकतो, त्याला आज बाजारात कोणते साधन चालते एवढे कळले तरी त्याचा कारभार अडत नाही, आणि साधन बदलले की तो दुसरे शिकून घेतो. परंतु ज्याला ती विद्या पुढच्या पिढीच्या हाती द्यायची आहे, त्याच्यासमोर बसलेली सोळा-सतरा वर्षांची मुले तिचा प्रत्यक्ष उपयोग करू लागतील तेव्हा आणखी काही वर्षे लोटलेली असतील, आणि म्हणून त्या मुदतीनंतरही जे खोटे ठरणार नाही, ते कोणते, हे ओळखण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. एके काळी खासगी संगणकवर्गांतून फ्रंटपेज हे सॉफ्टवेअर म्हणजेच वेबरचना, असे समजून ते शिकविले जाई. मायक्रोसॉफ्टने ते केव्हाच बंद केले. पुढे फ्लॅशमध्ये हलतीबोलती पाने घडविणाऱ्यांचा मोठा दबदबा झाला. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्या कौशल्यावर बेतलेली सारी पाने ब्राउझरांत उघडेनाशी झाली. उलट, जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिची पहिली योजना मांडली आणि १९९१ साली जी जगापुढे ठेवली, वेब नावाच्या त्या व्यवस्थेतील आद्य संकेतस्थळाची जतन केलेली प्रत सर्नने पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवली असून, ती आजच्या ब्राउझरात विनातक्रार उघडते आणि खिशातल्या मोबाईलवरही वाचता येते. मध्यंतरी मोठमोठी साधने अस्तास गेली, आणि हे साधेसुधे पान टिकले, याचे कारण काय, या एका प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट उमगले, त्याची अर्धी तयारी झाली असे मी समजतो.

कारण असे की त्या पानात दिसण्याविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. ते ज्या भाषेत लिहिले आहे ती एचटीएमएल मूलतः मजकुराचा अर्थ नोंदविणारी आहे. हे शीर्षक, हे उपशीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा अमुक दस्तऐवजाकडे नेतो, एवढेच ती सांगते, आणि ते कोणत्या आकारात, कोणत्या रंगात, किती रुंदीच्या पडद्यावर दाखवावे, हे वाचणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन करते. लोकांना अलंकाराची हौस असणे स्वाभाविकच होते, म्हणून पुढे रंग आणि अक्षराकार सांगणारे फॉन्टसारखे टॅग, म्हणजे खुणा, त्याच भाषेत घुसविण्यात आले, आणि आकडेवारीसाठी योजलेला टेबल हा टॅग पानाची मांडणी करण्यासाठी सरसकट राबविला जाऊ लागला, ज्यामुळे मजकूर कोणता आणि सजावट कोणती, याचा पत्ता लागेनासा झाला. हा घोटाळा पसरण्याआधीच, १० ऑक्टोबर १९९४ रोजी, सर्नमध्येच काम करणाऱ्या हॉकून विउम ली यांनी सजावटीचे नियम निराळ्या पत्रकात ठेवावेत अशी सूचना मांडली होती. तिच्यातूनच सीएसएस जन्मास आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली अधिकृत शिफारस प्रसिद्ध झाली. तुझ्या क्रमिक पुस्तकात एचटीएमएल आणि सीएसएस ही दोन नावे शेजारी-शेजारी येतात. ती दोन का आहेत, हे मुलांना कळले नाही तर पुढचे सारे पाठांतर होते, आणि कळले तर पुढचे पुष्कळसे त्यांना आपोआप सुचू लागते.

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण परदेशातले नसून आपल्याच भाषेतले आहे. देवनागरीसाठी युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून अस्तित्वात होती, तरी ती सर्रास वापरात येण्यापूर्वी, आणि नंतरही कित्येक वर्षे, मराठी मजकूर शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकिला जाई. त्यात संगणकाच्या लेखी साठविलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे; फक्त त्यांच्या जागी चित्र देवनागरी अक्षराचे उमटे. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, त्याला त्याच दस्तऐवजात निरर्थक रोमन चिन्हांचा गलबला दिसे. त्यात शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, आणि शोधयंत्राला तर तो मजकूर मराठी असल्याची वार्ताही नसे. अशी कितीतरी परिपत्रके, स्मरणिका आणि लेख दप्तरांत आणि तबकड्यांत पडून आहेत, जे डोळ्यांना मराठी दिसत, परंतु मराठी नव्हते. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणजेच अक्षराची ओळख त्याच्या आकारापासून सोडविली, आणि तेव्हापासून मराठी मजकूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना मराठीच राहू लागला. अर्थ नोंदविल्याशिवाय केवळ रूप घडविले की काय हानी होते, हे तुझ्या विद्यार्थ्यांना याहून जवळच्या दाखल्याने समजाविता येणार नाही. शक्य झाल्यास जुना एखादा तसा दस्तऐवज मिळवून वर्गात प्रत्यक्ष उघडून दाखव.

हेच तत्त्व किती बारकाईने काम करते, याचा आणखी एक तपशील ध्यानात ठेव. पानाच्या आरंभी लँग या गुणधर्माने भाषा जाहीर करावयाची असते, आणि मराठीसाठी तेथे एमआर एवढी दोन अक्षरे पुरतात. ही औपचारिकता समजून पुष्कळ लोक वगळतात, किंवा तेथे इंग्रजीची खूण तशीच राहू देतात. परंतु युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी ‘ल’चा क्रमांक एकच आहे, ‘श’चाही एकच, आणि ज्या फॉन्टात दोन्ही वळणे घडविलेली असतात, तो फॉन्ट भाषेची ही जाहीर नोंद पाहूनच पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ उमटवितो, ज्यांचा आग्रह महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात धरला आहे. त्याच नोंदीवरून अंध वाचकासाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे वाचकयंत्र आवाजाची निवड करते, आणि मराठी मजकूर इंग्रजी उच्चारात वाचण्याचा अनर्थ टळतो. एनव्हीडीए नावाचे विनामूल्य वाचकयंत्र तू अवश्य उतरवून घे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी ते उभे केले आहे. पडदा बंद करून त्याच्या साहाय्याने आपले पान ऐकले म्हणजे कोठे मोठ्या ठळक अक्षरांनाच शीर्षक समजून आपण खरी खूण लावली नाही, कोठे चित्राचे वर्णन लिहावयाचे राहिले, कोठे ‘येथे टिचकी मारा’ एवढेच लिहिलेला दुवा ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट कळते. साध्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असे प्रमाण असावे, हा नियमही मुलांच्या रंगांच्या आवडीवर घातलेले बंधन म्हणून न सांगता, मंद दृष्टीच्या आजोबांना वाचता यावे यासाठी केलेली तरतूद म्हणून सांग.

आता शिकावे कसे, त्याविषयी. नोटपॅड आणि ब्राउझर यांपलीकडे आरंभी काहीही लागत नाही, आणि कोणाला परवाना-शुल्कही द्यावे लागत नाही, कारण ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची ही सारी व्यवस्था सर्वांसाठी निर्बंधमुक्त केली; तालुक्याच्या गावातील शिक्षकाला जगातील कोणत्याही विद्यापीठाच्या बरोबरीने हा विषय शिकता येतो, तो त्या औदार्यामुळे. कोणतेही पान उघडून त्याचा मूळ सोर्स पाहण्याची सोय ब्राउझरातच असते. रोज एक चांगले पान अशा रीतीने उकलून, पाहिलेले मिटवून, ते स्वतः पुन्हा लिहून काढावे. याबरोबर एक वही ठेव आणि तीत प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण लिही. कारण लिहिता आले नाही तर तो नियम अजून तुझा झालेला नाही असे समज, आणि मोझिलाच्या एमडीएन या विस्तृत संदर्भकोशात ते कारण शोध. तुला आज जी शंका पडते, तीच महिन्याभराने वर्गात कोणीतरी विचारणार आहे. परंतु तोपर्यंत तुझ्या सरावामुळे ती शंका कधी पडली होती याचेच तुला विस्मरण होते, आणि अनुभवी माणसे पुष्कळदा दुर्बोध शिकवितात त्याचे मूळ या विस्मरणात असते. म्हणून शंका पडते त्याच दिवशी तिची नोंद कर. शिकविण्यासाठी शिकणाऱ्याजवळची सर्वांत मोलाची सामग्री ती हीच.

वर्गातला क्रम माझ्या मते असा असावा. पहिले काही तास रंग नाही, चित्र नाही, सीएसएस नाही. एखादा अव्यवस्थित मजकूर हाती देऊन त्यातील शीर्षके कोणती, यादी कोणती, कोष्टक कोणते, हे मुलांकडून आधी कागदावर ठरवून घ्यावे. गावच्या एसटी स्थानकाचे वेळापत्रक हा त्यासाठी उत्कृष्ट पाठ आहे, कारण ते खरेखुरे कोष्टक आहे. त्यातील गावांची आणि वेळेची शीर्षके योग्य टॅगने बांधली, तर वाचकयंत्र प्रत्येक वेळेबरोबर गावाचे नावही उच्चारते, आणि नुसते चौकोन पाडले, तर ऐकणाऱ्याला आकड्यांची रांग तेवढी ऐकू येते. त्यानंतर तेच पान मोबाईलवर उघडावे. कोष्टक पडद्याबाहेर जाते असे दिसले की, पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलावी हा जो विचार ईथन मार्कोट यांनी २०१० साली मांडला, त्याची गरज मुलांना स्वतःहून जाणवते, आणि गरज जाणवल्यावर शिकविलेले विसरत नाही. सजावटीला हात घातल्यावर देवनागरीची प्रकृती सांभाळण्यास शिकव: अक्षरांमधील अंतर वाढविले की शिरोरेषेचे तुकडे पडतात, आणि रोमन लिपीस पुरेसे असणारे ओळींमधील अंतर ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात; इंग्रजी नमुन्यांची आंधळी नक्कल करू नये, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष पटते. जावास्क्रिप्ट सर्वांत शेवटी. जे पान तिच्यावाचूनही वाचता येते, त्यावरच ती चढवावी.

परीक्षेची चिंता तू लिहिली आहेस, आणि ती रास्त आहे. मुलांना गुण मिळाले पाहिजेत, त्यांच्या घरच्यांच्या अपेक्षा त्यावर अवलंबून आहेत, आणि अभ्यासक्रमातील टॅग, फॉर्म, पीएचपी, शोधयंत्रास अनुकूल रचना यांपैकी काहीही वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु अर्थानुसार रचलेले पान शोधयंत्रालाही अधिक समजते, आणि फॉर्ममधील प्रत्येक चौकटीला तिचे नाव बांधले की भरणाराही चुकत नाही आणि वाचकयंत्रही अडखळत नाही. अशा रीतीने पुस्तकातील सुटी प्रकरणे ‘आधी अर्थ, मग अलंकार’ या एका तत्त्वावर ओवली, तर पाठांतराचा भार हलकाच होतो, असा माझा अनुभव आहे.

‘आता यंत्राला तोंडी सांगितले तरी ते क्षणात पान लिहून देते, मग आम्ही हे का शिकावे?’ असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, आणि त्याला रागावू नकोस. कारकुनाने तयार केलेल्या नकलेची मूळ दस्तऐवजाशी रुजुवात करणारा कोणी जबाबदार माणूस लागतो, तसा यंत्राने लिहिलेल्या पानाचा निवाडा करणारा माणूस लागणारच. ते पान अंधाला वाचता येईल का, कमी गतीच्या जोडणीवर उघडेल का, त्यातील मराठी खरोखर मराठी आहे का, हे विचारण्याची बुद्धी ज्याच्याजवळ असेल त्याच्याच हाती उद्याचे काम सोपविले जाईल. ती बुद्धी घडविणे हे आपले काम आहे, आणि ते कोणतेही साधन कालबाह्य झाल्याने संपत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरचे नाव विचारू नकोस. एखाद्या खऱ्या वाचकासाठी, खऱ्या उपयोगाचे, एकच पान सांगोपांग तयार कर, त्यातील प्रत्येक खुणेचे कारण सांगता येईल इतके ते समजून घे, आणि त्याच पानापासून शिकविण्यास आरंभ कर. उरलेले तू आणि तुझे विद्यार्थी मिळून शिकाल, आणि शिक्षकाने विद्यार्थ्यांबरोबर शिकण्यात कोणताही कमीपणा नाही. पहिल्या पंधरवड्याचा पाठक्रम लिहून झाला की माझ्याकडे पाठव. मी तो काळजीपूर्वक वाचून जागोजागी माझे अभिप्राय कळवीन.

ताईला माझा नमस्कार सांग. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा