दारातला मोगरा

उल्हासनगर ही मूळची लष्करी छावणी. फाळणीनंतर येथे निर्वासित आले आणि बराकींची घरे झाली. आमच्या कॅम्प दोनमध्ये अंगण म्हणजे दारापुढची चार फूट फरशी. मोगऱ्याला तेवढी जागा पुरते. ऊन मात्र चार-पाच तास हवे.

आमचा मोगरा पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात आहे. बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके, त्यावर खापराचे तुकडे, मग माती आणि कुजलेले शेणखत. भोके बुजली की पाणी साचते, मुळे कुजतात.

हा डबा वडिलांनी लावला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात ते गेले. जानेवारी संपत आला, छाटणीची वेळ झाली, तेव्हा आई म्हणाली, "राहू दे. आता फुलं माळायची कुणी?" नात्यातल्या बायकांनीही मान डोलावली. नवरा गेला की बाईने फूल माळायचे नाही, हा कुठला न्याय? पुरुषाची बायको गेली तर त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा बदलत नाही! महिला मंडळात हे मी कितीदा तरी बोलले आहे. पण आईपुढे भाषण चालत नाही. मी कात्री घेतली.

मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटव्यावर. म्हणून आधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, मग फांद्या निम्म्या छाटाव्यात, वरची माती उकरून ओंजळभर शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. आमच्याकडे नळाचे पाणी मोजके, त्यामुळे तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडाला जाते. साबणाचे कधीही घालू नये.

मार्चमध्ये कळ्या धरल्या. संध्याकाळी टपोऱ्या झालेल्या कळ्या खुडाव्यात, त्या रात्री उमलतात. पहिल्या दिवशी सातच निघाल्या. आईनेच त्या दोऱ्यात गुंफून नातीला दिल्या. पोरीने त्या सरळ आजीच्या अंबाड्यात खोवल्या. आई काही बोलली नाही, आणि काढल्याही नाहीत. शेजारच्या दोघी कुजबुजल्या. त्यांतली एक पुढच्या आठवड्यात फांदी मागायला आली.

फांदी पावसाळ्यात लावावी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालची पाने काढून दोन पेरे ओल्या मातीत पुरावीत आणि सावलीत ठेवावी. महिन्या-दीड महिन्यात मूळ धरते. फांदी न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला आई आता बजावते, "आधी डब्याला भोकं पाड."