लॉगबुकातला रिकामा ‘आर’

वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. एमबीबीएसला २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्याआधी आमचं सगळं शिकवणं १९९७च्या नियमावलीवर चालायचं. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक क्षमतेपुढे पातळी नोंदलेली असते: माहीत असणं पुरेसं, कसं करायचं ते सांगता यावं, करून दाखवता यावं, की कुणाच्याही मदतीशिवाय करता यावं. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी मांडलेल्या पिरॅमिडच्या पायऱ्याही साधारण याच. हा बदल मला मनापासून पटतो. पण विद्यार्थी काम करत असताना शिक्षक शेजारी उभा राहून ते बघतो की नाही, यावरच हा बदल टिकेल किंवा बुडेल.

रक्तदाब मोजण्याचंच घ्या. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या कोरोटकॉफ ध्वनींचे टप्पे उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहिणारी मुलं वर्गात भरपूर असतात. त्यातलीच कितीतरी जण शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, रुग्णाचा हात हृदयाच्या पातळीला टेकवत नाहीत आणि आधी नाडीवर बोट ठेवून वरच्या दाबाचा अंदाज न घेता थेट स्टेथोस्कोप लावतात. काही रुग्णांत आवाज मध्येच थोडा वेळ ऐकू येत नाहीत. पट्टा कमी फुगवला तर त्यांचा वाढलेला रक्तदाब चक्क नॉर्मल भरतो. हवाही सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीनेच सोडायला हवी. यातली एकही चूक लेखी परीक्षेत सापडत नाही. जर्नलमध्येही सापडत नाही, कारण तिथे फक्त शेवटचा आकडा असतो. ती दिसते ती विद्यार्थ्याच्या हाताकडे बघणाऱ्यालाच, आणि त्याने तिथल्या तिथे सांगितलं तर पाच मिनिटांत सुधारते.

एवढा वेळ आणायचा कुठून, असं सहकारी विचारतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. दीडशेची बॅच आणि प्रत्येकाला दहा मिनिटं धरली, तर एका कौशल्याला २५ तास लागतात. पण पाच जणांनी वाटून घेतले तर वाट्याला पाचच तास येतात. शिवाय व्याख्यानं एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावीत, असं नव्या अभ्यासक्रमाची नियमावलीच सांगते. तो मोकळा वेळ पुन्हा स्लाइड वाचण्यात घालवला, तर दोष अभ्यासक्रमाचा नाही. जिथे शिक्षकांच्या जागाच भरलेल्या नाहीत, तिथे मात्र हे गणित बसणार नाही, आणि ते प्रशासनाला स्पष्टपणे सांगितलंच पाहिजे.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. तुकड्या-तुकड्यांत कौशल्यं तपासून डॉक्टर घडतो का? नाही घडत. पहिल्या वर्षी सुटी कौशल्यं बघणं ठीक. पुढे वॉर्डात मात्र अख्खी भेट बघायला हवी. विद्यार्थी रुग्णाला बोलू देतो का, तपासण्याआधी परवानगी घेतो का, निदान त्याला कळेल अशा भाषेत सांगतो का, हे सगळं एकत्रच दिसतं. म्हणजे या शंकेवरचा उपायही जास्त बघणं हाच आहे. शिक्षकाच्या मर्जीचा प्रश्नही निघतो, पण जुन्या व्हायव्हातही एकाच परीक्षकावर सगळं अवलंबून असायचं. डंडी विद्यापीठाच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ‘ओस्की’ ही परीक्षापद्धत मांडली ती यासाठीच: टेबलं अनेक, परीक्षक वेगवेगळे, निकष आधीच ठरलेले.

आमच्या लॉगबुकात प्रत्येक कौशल्यापुढे शिक्षकाचा निर्णय लिहायला रकाना असतो. ‘सी’ म्हणजे पूर्ण, ‘आर’ म्हणजे पुन्हा करावं, ‘आरई’ म्हणजे वेगळं मार्गदर्शन घेऊन करावं. दीडशे मुलांच्या वह्यांत ओळीने ‘सी’च दिसत असेल, तर कुणी नीट बघितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. नव्या कामात काही मुलं पहिल्यांदा अडखळणारच. तपासणीला येणाऱ्यांनी सह्या मोजण्याऐवजी ‘आर’ किती ते पाहावं, आणि त्या मुलांना पुन्हा संधी कधी मिळाली हे विचारावं.