बोटभर माया

गोधडीचा आणि माझा संबंध आजवर दोनच बाजूंनी आला. लहानपणी ती अंगावर होती, आणि पुढे नोकरीत ती शब्दांच्या तासाला फळ्यावर आली. संस्कृतातली कंथा, आपल्याकडची वाकळ, कर्नाटकातली कौदी, बंगाल्यांची कांथा, अशी ही मंडळी मी वर्षानुवर्षे मुलांपुढे उभी करीत आलो. पण एका चिंधीला दुसरी कशी जोडतात असे कुणी विचारले असते, तर प्राध्यापकमहाशयांची वाचा बसली असती. कुणी विचारले नाही, हे माझे नशीब.

यंदा मात्र घरातूनच विचारणा झाली. मुलगी वसतिगृहात राहायला निघाली आणि जाताजाता म्हणाली, “बाबा, मला आजीच्या लुगड्यांची गोधडी हवी.” आई २०१९ साली गेली. तिची ट्रंक बेळगावला धाकट्या बहिणीकडे आहे. बहिणीला कळवले, तर ती एवढेच म्हणाली, “दादा, आईच्या लुगड्यांना कात्री लागली तर मी तुझ्याशी बोलायची नाही.”

तरीही मे महिन्यात आम्ही दोघे हल्याळला निघालो. बहीण माझ्यासोबत नव्हे, लुगड्यांसोबत निघाली होती. बोचके तिने मांडीवरून खाली ठेवले नाही. बेळगावहून आगगाडीने लोंढ्यावरून अळणावर, आणि तिथून पुढे हल्याळची बस. हल्याळ सोडले की सागाची झाडे दुतर्फा दाट होत जातात. मे महिन्यात त्यांची सावली पडत नाही, नुसता पाचोळा वाजतो.

या रानात सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगिजांनी आणि अरब व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून त्यांना या किनाऱ्यावर आणले, आणि त्यांतले कितीतरी गोव्यातून निसटून घाट चढून या जंगलात आले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे तिन्ही धर्मांचे सिद्दी इथे नांदतात. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातींत जागा मिळाली. घरातली बोली कोकणी-मराठीच्या वळणाची, बाहेर कानडी. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात, आणि तीच पाहायला आम्ही आलो होतो.

ज्या मावशींच्या अंगणात आम्ही बसलो, त्या सत्तरीच्या असाव्यात. त्यांचे बोलणे मला निम्मे कळे. उरलेले निम्मे हात सांगत. त्यांनी शिवणाची गोष्ट काढलीच नाही. आधी कापड. माझ्या बायकोने शहरातून मुद्दाम घेतलेले नवे छापील कापड मी मोठ्या ऐटीत पुढे केले. मावशींनी ते दोन बोटांत चुरगाळले आणि बाजूला ठेवले. खळ होती. नवे कापड आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्यायचे. नाहीतर गोधडी पहिल्या धुण्यात आटते आणि जुने कापड तिच्याशी ओढाताण करते. लाल तुकडा दिसला की त्या पांढरा ओला फडका त्यावर दाबून पाहत. रंग फडक्यावर उतरला तर तो तुकडा परत पाण्यात. मग एकेक कपडा दाराच्या उजेडात धरायचा. जिथे उजेड आरपार येतो तिथले कापड गेले. जिथे शंका, तिथे दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहायचे. सुती एका ढिगात, रेशमी आणि गुळगुळीत नायलॉन दुसऱ्या. नवशिक्याने दुसऱ्या ढिगाकडे पाहूसुद्धा नये, असे त्यांनी माझ्याकडे पाहत हाताने सांगितले.

बहीण बेळगावात शिवणाच्या वर्गाला जाऊन आली आहे. तिथली रीत वेगळी. पुठ्ठ्याचा पाच इंचांचा चौकोन कापायचा आणि त्यावरून सगळे तुकडे. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातो, हाती उरतो साडेचार इंचांचा चौकोन. ५४ इंच रुंद आणि ७२ इंच लांब गोधडीला असे बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ चौकोन लागतात. मी घरी प्रयोग केला होता. पुठ्ठा हरवला म्हणून कापलेल्या तुकड्यावरूनच पुढचा तुकडा कापत गेलो, आणि विसावा चौकोन पहिल्यापेक्षा चांगला अर्ध्या बोटाने मोठा निघाला. चूक कशी चक्रवाढ व्याजाने वाढते ते त्या दिवशी कळले. दुसरी चूक म्हणजे कापड वाचवायला काही चौकोन मी तिरके, उरेब कापले. ते हातात घेताच रबरासारखे लांबू लागले.

मावशींना पुठ्ठ्याचे काही नव्हते. त्या आधी चौकोन जोडीत नाहीत. खाली जुने लुगडे अंथरतात आणि एका कोपऱ्यापासून तुकडे ठेवीत, कडेकडेने फिरत मध्याकडे येतात. तुकडा लहानमोठा चालतो. पण प्रत्येकाची कड आत दुमडायला बोटभर जास्त ठेवतात. शिवणारे लोक या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. माया ठेवली नाही तर धागे सुटतात. इतकी वर्षे मराठी शिकवून हा शब्द मी कधी फळ्यावर लिहिला नव्हता. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले बसतात. ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे मानतात.

मग बोचके सुटले. वरची तीन लुगडी रोजच्या वापरातली होती. एकाला आईने स्वतः दांड घातलेला. त्यांच्याबद्दल वाद नव्हता. तळाशी हिरवी इरकल होती, बहिणीची लाडकी. ती ट्रंकेत एकाच घडीवर वर्षानुवर्षे पडून होती. मावशींनी ती उलगडून दारात धरली आणि आम्ही दोघे गप्प झालो. प्रत्येक घडीच्या रेषेवरून उजेड येत होता. कुणी न नेसता, न हात लावता ती विरत चालली होती.

बहीण म्हणाली, “मी जपून ठेवली होती हो, मावशी.”

मावशींनी तिचा हात धरून दोन घड्यांच्या मधल्या कापडावर ठेवला. ताण, म्हणाल्या. तिने ताणले. तिथले सूत पक्के होते. मी हिशेब केला. काठ सोडून ४० इंच पन्हा धरला तर एका पट्टीत आठ चौकोन, १९२ ला चोवीस पट्ट्या, म्हणजे १२० इंच. नऊवारातले साडेतीन वारसुद्धा नाहीत. घड्या वगळूनही पदर आणि बरेच अंग शाबूत राहते.

“पण कात्री लावायची नाही असं मी म्हणाले होते,” बहीण म्हणाली.

मावशींनी कात्री उचलून कोनाड्यात ठेवली. साधे विणलेले सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटते. काठापाशी खाच तेवढी हवी. ती त्यांनी दातांनी पाडली आणि लुगडे बहिणीपुढे धरले. ती बराच वेळ तशीच बसली. मग दोन्ही हातांनी तिने ते धरले आणि फाडले. त्या आवाजाने अंगणातली कोंबडी उडाली. पट्टी ओळंब्यात निघाली होती. दुसरी तिने विचारल्याशिवाय फाडली.

संध्याकाळी अळणावरच्या फलाटावर ती पट्ट्या मोजत बसली होती. पदर पिशवीत वेगळा, उलट्या घडीने घातला होता. बावीस भरल्या. “दोन कमी आहेत, दादा,” ती म्हणाली, “तुझा एखादा जुना सदरा असेल तर बघ. सुती हवा, आणि धुऊन दे.”