शेवटचे दोनशे फूट

आमच्या शाळेच्या ऑफिसात घड्याळाच्या खाली भिंतीवर एक पांढुरकी पेटी आहे. आकाराने शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. नवे शिक्षक तिला अडगळ समजतात. ती मी स्वतः बसवली आहे असे सांगितले की ते हसतात. मराठीचा एम.ए. झालेला माणूस आणि पक्कड-टेस्टर यांचा काय संबंध, असा त्या हसण्याचा अर्थ. संबंध आहे; पण तो सांगायचा तर थोडे मागे जावे लागेल आणि स्वतःविषयी एक न आवडणारी गोष्टही सांगावी लागेल.

1997 सालच्या फेब्रुवारीतली दुपार. नोकरीत माझे तिसरेच वर्ष. तास मोकळा होता म्हणून ऑफिसात वह्या तपासत बसलो होतो. हेडमास्तर बाहेर गेलेले, क्लार्क बँकेत. फोन वाजला. मिरजेहून एक गृहस्थ बोलत होते. एस.टी.डी. बूथवरच्या मीटरचे लाल आकडे धावताना बोलणाऱ्या माणसाची घाई ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ती वेगळी सांगायला नको. आमच्या एका बाईंचे नाव घेऊन ते म्हणाले, "त्यांच्या ताईंना दवाखान्यात ठेवलंय, सीरियस आहेत. लगेच पाठवा त्यांना." आणि लाइन बंद झाली.

बाईंचा वर्ग मैदानापलीकडच्या जुन्या इमारतीत. ऑफिसपासून दोनशे फुटांवर. एवढ्यात घंटा झाली, माझा पुढचा तास होता. मी शिपाईमामांना हाक मारली आणि म्हटले, "बाईंना सांगा, ताई फार आजारी आहेत. ताबडतोब निघा म्हणावं." आणि वर्गावर गेलो.

शिपाईमामा कुंदगोळकडचे. मराठी त्यांना कळे, पण कळे ती कानडीच्या वाटेने. सीमाभागातल्या वाचकांच्या ध्यानात पुढचे आले असेल. कानडीत तायी म्हणजे आई. मामांनी तो शब्द कानडी कानांनी ऐकला आणि बाईंना निरोप दिला तो आई आजारी असल्याचा.

बाईंची आई गदगला. बाई वर्गातून तशाच निघाल्या आणि गदगच्या गाडीत बसल्या. गदग हुबळीच्या पूर्वेला, मिरज वायव्येला. घरी पोचल्या तर आई अंगणात शेंगा फोडत बसलेली. मग शेजाऱ्यांच्या फोनवरून चौकशा, मग रात्रीचा प्रवास. मिरजेला त्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचल्या. ताई पहाटेच गेल्या होत्या.

शाळेत सगळा ठपका मामांवर आला. निरोपसुद्धा धड सांगता येत नाही, असे त्यांना चारचौघांत ऐकवले गेले. त्या वेळी मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो. मिरज हा शब्द मी उच्चारलाच नव्हता, कोणाची ताई तेही सांगितले नव्हते. एक चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट लागले असते. हे दोघांनाच माहीत होते, मला आणि मामांना. मराठी-कानडी शब्दांच्या देवघेवीवर एम.ए.च्या परीक्षेत मी पाने भरून उत्तर लिहिले होते. गुणही चांगले पडले होते.

पुढच्या वर्षी शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या पेढीतली जुनी इंटरकॉमची पेटी शाळेला दिली. बाहेरच्या दोन लाइनी आणि आतले आठ फोन, एवढी तिची ऐपत. बसवायला मात्र पैसे नव्हते. सभेत विषय निघाला तेव्हा मी म्हटले, मी बसवतो. सगळे चकित झाले. कारण मी सांगितले नाही.

माहितीपुस्तक इंग्रजीत होते. ते वाचून मला एवढेच कळले की मला काही कळत नाही. शेवटी शाळेमागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त लाइनमनना गाठले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. 1998च्या दसऱ्याच्या सुट्टीत ते रोज सकाळी येत आणि खुर्चीवर बसून मला कानडीत शिकवीत. स्वतः हात लावत नसत.

माझी पहिली कल्पना अशी की दिव्यांसारखी एकच तार सगळ्या खोल्यांतून फिरवायची. "हंगल्ल, सर," अण्णा म्हणाले. तसे नव्हे. तसे केले तर सगळे फोन एकदम वाजतील आणि एकाचे बोलणे सगळे ऐकतील. प्रत्येक फोनाला पेटीपासून त्याची स्वतःची जोडी हवी. जोडी हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच, तेवढा एक दिलासा. जोडीतल्या दोन तारांना एकमेकींचा पीळ असतो. तो शोभेसाठी नव्हे. शेजारच्या विजेच्या तारेतून येणारी घरघर दोन्ही तारांवर सारखीच बसते आणि फोन त्या दोघींतला फरकच तेवढा ऐकतो, म्हणून घरघर आपोआप कटते. यासाठी टोकाशी पीळ होईल तितका कमी सोडायचा आणि विजेची तार ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडायची.

मैदानातून दहा जोड्यांची केबल न्यायची होती. तिच्यातल्या रंगांचा हिशेब अण्णांनी असा सांगितला: पांढरा हा घरमालक, त्याचे पाच भाडेकरू, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. पुढे तांबडा घरमालक, भाडेकरू तेच. मी वहीत दोन रकाने केले. निळा-नीली, हिरवा-हसिरु, पांढरा-बिळी, तांबडा-केंपु. नोकरी लागल्यापासून मी कानडी बोलत होतो, पण कानडी शब्द विद्यार्थ्यासारखे पाठ केले ते तेव्हाच. जुन्या इमारतीत फोन पाचच, मग दहा जोड्या कशाला, असे मी विचारले. अण्णा म्हणाले, तांबड्याचे घर रिकामे असू दे, पाहुणे येतात.

हुबळीची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यात ताणून पुरलेली तार टिकत नाही. म्हणून जेली भरलेली केबल लोखंडी पाइपात, तीही सैल सोडून. चर मी आणि शिपाईमामांनी खणला. मामांना कोणी सांगितले नव्हते. ते आपणहून पहार घेऊन आले.

एकदा बाहेरची लाइन हातात धरून मी दातांनी तिचे आवरण सोलत होतो. (दातांनी सोलू नका असे अण्णांनी बजावले होते.) एरवी तिच्यावर पन्नासेक व्होल्ट असतात, कोरड्या बोटाला जाणवतही नाहीत. पण घंटी वाजवायला एक्स्चेंज पंचाहत्तर व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पाठवते. नेमका तेव्हाच कोणाचा तरी फोन आला. मी मागे जाऊन आपटलो. अण्णा खुर्चीतून न उठता म्हणाले, "सर, फोन आला."

दुपारी चहाच्या वेळी अण्णा कित्तूरच्या गोष्टी सांगत. राणी चन्नम्माच्या नव्हे, एक्स्चेंजच्या. धारवाडहून बेळगावच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवरचे हे गाव. 1984 साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली, सॅम पित्रोदा तिचे सल्लागार. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये, एवढ्यात भारतीय बनावटीचे एक्स्चेंज करून दाखवायचे होते. खेड्यांसाठी त्यांनी केलेले पहिले 128 पोर्टचे एक्स्चेंज जुलै 1986 मध्ये सुरू झाले ते या कित्तूरला. परदेशी इलेक्ट्रॉनिक यंत्रांना गार केलेली खोली लागे. हे आपले साध्या खोलीत, धुळीत आणि उकाड्यात चाले. त्याच घराण्यातले ऑफिसांसाठीचे यंत्र पुढे अनेक कारखान्यांनी बनवले. अण्णा केबलच्या कामासाठी कित्तूरला गेले होते. ते म्हणत, "इडी यंत्र पाहायला लोक येत. मला विचाराल तर दिल्लीपासून गावापर्यंत आवाज आणणे सोपे. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची जोडी, तिथेच सगळे बिघडते." मी काही बोललो नाही. मैदानाकडे पाहत राहिलो.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी जोड्या तपासायच्या होत्या. पीळ सुटला की पाच पांढऱ्या तारा सारख्याच दिसतात. कुठली पांढरी कोणाची, हे दोन माणसांनी दोन टोकांना बसूनच ठरवावे लागते. अण्णांनी दोन जुने फोन आणि नऊ व्होल्टची बॅटरी एका जोडीवर लावून दिली. तेवढ्यावर बोलता येते. जुन्या इमारतीत शिपाईमामा, ऑफिसात मी. अण्णा चहाला गेलेले. मामांचा श्वास कानाशी ऐकू येत होता. समोर असते तर मला ते जमले नसते. मी म्हटले, "मामा, त्या दिवशी चूक माझी होती. मिरज मी सांगितलंच नाही तुम्हाला."

तारेवर क्षणभर काही नव्हते. मग मामा म्हणाले, "गोत्तैत्रि सर. नीली याव्दु हेळ्री." ठाऊक आहे, सर. निळी कुठली ते सांगा.

मी निळी सांगितली.

शाळा उघडल्यावर मी बाईंना भेटून सगळे सांगितले. हेडमास्तरांनाही सांगितले. बाई बराच वेळ हातातला खडू फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चिठ्ठी लिहायची होती हो, सर." पुढे निवृत्त होईपर्यंत त्या माझ्याशी नीट बोलत, पण त्या दिवसाविषयी पुन्हा कधी नाही. त्यांच्या मजल्यावरच्या फोनाला क्रमांक दिला होता पंचवीस. मी तो सहसा स्वतः फिरवत नसे. मामांना फिरवायला सांगत असे.

आता अण्णा नाहीत, मामाही नाहीत. 2014 पासून गावाचे कागदोपत्री नाव हुब्बळ्ळी झाले. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, आणि शाळेची बाहेरची लाइनही तांब्याच्या जोडीवरून काचेच्या तंतूवर गेली. मैदानातली केबल मात्र तीच आहे. मध्यंतरी उंदरांनी जुन्या इमारतीच्या टोकाशी पांढऱ्या घराची नारिंगी जोडी कुरतडली, तेव्हा मी तांबड्या घरात पाहुणा बसवला. या जूनमध्ये आमच्या नव्या कानडीच्या शिक्षिकेला ते कसे करायचे ते दाखवले. ती शिकायला तयार होती आणि तिचा हात माझ्याहून स्थिर आहे. पेटीखाली खिळ्याला एक वही टांगलेली असते. तिच्यात रकाने आहेत: फोन कुठून, कोणाचा, कोणासाठी, आणि आजारी माणसाचे नाव. नात्याचा रकाना मी ठेवलेला नाही. का, असे तिने विचारले, तेव्हा मी तिला आधी कानडीत विचारले, तायी म्हणजे कोण?